सुनीतीच्या नावाचं शिबिर

२० मे, सकाळ

काल कंडोम फाटला. संपल्यावर कळलं.

राजनंदिनीने दिवा लावून बघितलं. हे तिचं खरं नाव नसावं, मी विचारलेलं नाही. सयाजीगंजात स्टेशनजवळ तिची खोली आहे. मूळची नंदुरबारकडची, मराठी बोलते — म्हणूनच दुसऱ्यांदा गेलो. माझी बायको सुनीती गेल्यापासून घरात मुलगा ओजस आणि मी कामापुरतंच बोलतो.

"कुठे ठेवला होता हा, साहेब?"

"स्कूटरच्या डिकीत."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

"बडोद्याच्या उन्हात? पापड भाजून निघाला असता त्यात." हसली.

दर वेळी तिच्याकडचाच वापरतो. काल हट्टाने माझा काढला. वाटलं, आपली वस्तू आपण न्यावी. लांब वासणा भागातल्या दुकानातून घेतला होता, आमच्या कारेलीबागेत सगळे ओळखतात. घरात ठेवणार कुठे? कपाटं ओजसही उघडतो.

ती म्हणाली, "उद्याच सरकारी दवाखान्यात जा. तीन दिवसांच्या आत एचआयव्ही टाळायची गोळी सुरू झाली तरच उपयोग. जितकी लवकर तितकी बरी. मी पण जाते."

"तुला माझी कसली भीती?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मला काय माहीत तुम्ही कुठे कुठे जाता."

२० मे, संध्याकाळ

गेलो. खिडकीवर नाही, वेगळ्या खोलीत बसवतात. समजावून सांगणाऱ्या बाई गुजराती, माझ्या मुलीच्या, मालविकाच्या वयाच्या. मी "माझा एक मित्र" म्हणून सुरुवात केली.

"मित्र बहार ऊभा छे, काका?"

"नाही."

"तो तमारी ज वात करो ने."

तर मग तुमचंच सांगा, म्हणाल्या. सांगितलं. त्यांनी मान खाली घातली नाही, म्हणून मीही घातली नाही. रक्त घेतलं — एचआयव्ही, कावीळ, सिफिलिस. रिपोर्ट चांगला आहे, पण आजच्या रिपोर्टात कालचं दिसत नाही. महिनाभर गोळ्या, एकही चुकवायची नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी, नंतर आणखी एकदा. तोवर कुणाबरोबरही कंडोमशिवाय नाही. आणि रक्तदान करायचं नाही. रिपोर्ट चांगले आले तरी नाही.

हो हो म्हणून बाहेर आलो. पार्किंगमध्ये सोळा जून आठवली, सुनीतीचं वर्षश्राद्ध.

२१ मे

वर्षश्राद्धाला जेवणावळ नको, सोसायटीच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर करू, हे मीच सुचवलं होतं. सुनीतीला पाच महिने परक्यांचं रक्त चढत होतं. पिशवी लागली की ती वर बघायची. "आज कोणाचं असेल हो? तापट माणसाचं वाटतंय. सकाळपासून भांडावंसं वाटतंय."

पहिली पिशवी बाबांची, असं ओजसने सगळ्यांना सांगून ठेवलंय. सेक्रेटरी आनंदभाईंनी तर बॅनरवरही टाकलंय.

२६ मे

मळमळ. ओजसने खिचडी केली, मीठ विसरला. दोघांनीही तशीच खाल्ली.

२ जून

बी.पी. वाढलंय म्हणता येईल. पण ओजस लगेच डॉक्टरकडे नेईल. आई गेल्यापासून तो माझ्या शिंकेलाही घाबरतो.

नाहीतर गुपचूप द्यायचं. ते सगळं रक्त तपासतातच. आज दवाखान्यातल्या त्या बाईंना फोन करून हेच विचारलं. बाई म्हणाल्या, तपासतात, पण अगदी सुरुवातीचं सापडेलच असं नाही, आणि ते कुणाला तरी चढेल.

कुणाला तरी. तो माणूसही सुनीतीसारखा पिशवीकडे बघत विचारेल, आज कोणाचं?

नाही देणार. ओजसला काय सांगायचं तेवढंच राहिलं.

९ जून

राजनंदिनीचा फोन. "माझा पहिला रिपोर्ट चांगला आला. गोळ्या चालू. तुमच्या?"

"चालू. मळमळतं."

"मला पण. उपाशी पोटी घेऊ नका."

शिबिराचं सांगितलं. ऐकून म्हणाली, "पोराला खरं सांगून टाका, साहेब. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तोंड पडतं तुमचं." आणि फोन ठेवताना — "पुढच्या वेळी रिकाम्या हाताने या."

खूप दिवसांनी हसलो.

१४ जून

सांगितलं. ओजस चहा करत होता.

"रविवारी मी रक्त देणार नाही."

"का? बी.पी.?"

"नाही. मी एका बाईकडे जातो. पैसे देऊन. गेल्या महिन्यात कंडोम फाटला. गोळ्या चालू आहेत."

त्याने गॅस बंद केला. "आईला जाऊन वर्ष नाही झालं, बाबा."

"हो."

दूध पातेल्यात तसंच राहिलं. मला वाटलं आता तो खोलीत जाईल. गेला नाही. ओट्याकडे बघत म्हणाला, "तपासणी केलीत?"

"एक झाली. पुढची एक जुलैला."

"नाव विचारतात?"

"विचारतात. पण कुणाला सांगत नाहीत."

"घरी फोन वगैरे?"

"नाही."

चहा न घेता ऑफिसला गेला.

१६ जून

मालविका काल रात्रीच पुण्याहून आली. बॅनरवरचा सुनीतीचा फोटो चांगला आलाय, ओजसच्या मुंजीतला.

आनंदभाईंनी माइकवर सुरू केलं, "पहेली बॉटल आपणा काका—" ओजसने माइक घेतला. "पहिली पिशवी मालविकाताई देणार. शेवटच्या दिवसांत तिला येता आलं नाही. तिचा मान." टाळ्या वाजल्या. मला कुणी काही विचारलं नाही. मालविका कॉटवर पडल्या पडल्या रडत होती, मी तिचा दुसरा हात धरून बसलो.

हॉल भरून गेला होता. ओजस सरबत, बिस्किटं वाटत दिवसभर धावत होता. स्वतः मात्र कॉटवर आडवा झाला नाही. मालविका दोनदा म्हणाली. "देतो ना, शेवटी देतो." शेवटी ब्लड बँकेची गाडी निघून गेली.

माझ्यावरचा राग त्याने आईच्या शिबिरावर काढला. वाईट वाटलं. बोलायला मला तोंड कुठे आहे?

१७ जून

आज गोळ्या संपल्या. मालविका परत गेली.

१ जुलै

ओजस म्हणाला, मी नेतो तुम्हाला. रजा टाकली होती. बाहेर बसेल असं वाटलं. माझं नाव पुकारलं तेव्हा तोही उठला आणि आत आला.

बाईंना म्हणाला, "बाबांचं झालं की माझीही तपासणी करा."

शिबिरात त्याने रक्त का दिलं नाही ते आत्ता कळलं. त्याला मोकळं बोलता यावं म्हणून मी उठायला लागलो. माझ्याकडे न बघताच त्याने माझा शर्ट धरला. "थांबा ना, बाबा."

बसलो.