खोली सातचा अभ्रा

३ तारीख, सोमवार
आधीच्या रेक्टर कसलीच नोंद न ठेवता गेल्या, म्हणून संस्थेने मला रोज लिहिण्याची अट घातली आहे. लिहीन. शाळेचं वसतिगृह छान आहे: भरपूर उजेड, बारा खोल्या, मागे धुण्याचा ओटा. शिस्त मात्र शून्य. मला पाहताच मुलींनी चहाचे कप कॉटखाली सारले. हसू आलं, दाखवलं नाही.

५ तारीख, बुधवार
अचानक तपासणी केली. खोली सातमधल्या सर्वांत लहान मुलीच्या उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके. तिला सगळ्या चिमणी म्हणतात. हिरड्यांतून येतं म्हणाली. दोन दिवस तापही आहे. दात नीट घासत जा, असं बजावलं आणि 'घाणेरडी अंथरुणं' या यादीत तिचं नाव फळ्यावर लिहिलं. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, तापातल्या पोरीला कशाला छळता? मी म्हटलं, तुम्ही तुमच्या पोळ्या बघा.

७ तारीख, शुक्रवार
ताप आहेच. गोळी दिली. अभ्रा मात्र पांढराशुभ्र. नाव पुसलं. फळ्याचा गुण आला म्हणायचा.

८ तारीख, शनिवार
चिमणी ओट्याजवळ पडलेली सापडली. नाकातून रक्त, थांबेना. दंडांवर काळेनिळे डाग. इस्पितळात सुई टोचली तिथूनही झिरपत राहिलं. डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात पसरलेत, रक्त गोठायचंच थांबलंय. कधीपासून येत होतं, असं विचारलं. अंथरूण स्वच्छ होतं, एवढंच मी सांगितलं.

९ तारीख
तिच्या गादीखाली — रुमाल, परकर, वहीचे कागद. सगळं कडक, काळपट. खोलीतली मुलगी सांगते, तापातच पहाटे उठून अभ्रा धुवायची. बाईंना सांगू नकोस म्हणायची. पुन्हा फळ्यावर नाव —

१० तारीख
डोळे उघडले. मला पाहून उशी हाताने झाकली. म्हणाली, बाई, मी धुते.

११ तारीख
गेली. सकाळी नऊला.
स्वतःचा अभ्रा पाहिला. डाग नाही. पुन्हा पाहिला —
पाच तारखेचं पान फाडायला घेतलं. फाटेना. तसंच राहू दिलं.

१२ तारीख
वडील आलेत. डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय, तीन दिवस आधी आणायला हवी होती. त्यांनी मला विचारलं, कुणालाच दिसलं नाही का हो?
ताब्यात दिलं: ट्रंक एक. चपलांचा जोड. चष्मा. आता माझी ही नोंदवही, पाच तारखेच्या पानासकट. ते दारात वहीसाठी हात पुढे करून उभे आहेत. म्हणतात, राहू द्या बाई, नंतर लिहा. नंतर मी —