सुमनमावशीच्या डंकाची किंमत

बुधवार, संध्याकाळ

शेजारच्या सुमनमावशीला गुडघ्यांपायी मसाला कुटायचा डंक विकायचाय. हातकणंगल्याचे पाहुणे उद्या किंमत विचारायला येणार. धंद्याचं मोल कसं काढायचं हे मी सध्या शिकतेय, म्हणून काम माझ्याकडं. दोन मशिनं, जागा, वर्षाची कमाई. दुपारपर्यंत आकडा तयार. काय रुबाबात होते मी!

तेवढ्यात कसबा बावड्याची एक सून मिरच्यांची पिशवी घेऊन आली. "सासूबाई गेल्या, मावशी. चटणीचं प्रमाण त्यांनाच ठाऊक होतं."

मावशीनं फक्त घर कुठलं ते विचारलं आणि मसाले काढायला लागली. "तुमच्यात तीळ जास्त, लवंग नावाला. तुझ्या सासूला तिखट सोसायचं न्हाय."

कुटून झाल्यावर चिमूटभर चटणी सुनेच्या तळहातावर ठेवली. तिनं जिभेला लावली आणि रडायलाच लागली. तिखटानं नव्हे.

अशी किती घरं? "मोजली न्हाईत की," मावशी म्हणाली. वही? वहीसुद्धा नाही! हे सगळं मी कुठल्या रकान्यात घालू? उद्या डंक विकला, तर पाहुण्यांच्या हाती काय येणार, दोन मशिनं?

ती चिमूट डोळ्यांपुढून हलत नाही. निघताना धीर करून विचारलं, "आमच्या आईचं प्रमाण?"

"लसूण दुप्पट. आई गेल्यापासनं तू सांगत न्हाईस, पण तुझ्या चटणीत मी घालतो की."

आणि इतकी वर्षं मला वाटत होतं, आईची चव माझ्या हाताला आलीय.