पलीकडची सवारी

१२ जुलै १९८३

वारा! सकाळपासून तलाव नुसता उकळून राहिला. तेजरामभाऊ काठावर छत्री धरून म्हणे, आज बोट काढू नका. बोट त्याची, किराणा दुकानात बसून कमाई त्याची, पण इंजिनाचा दांडा माझ्या हाती. फौजेत असताना मी ब्रह्मपुत्रेत बोटी चालवल्या. सिहोऱ्याकडच्या तलावाले भेऊ काय?

काढली. लाट आडवी घ्यायची नाही, तिरपी कापायची. बोटीनं पाठ आपटली का सवाऱ्या ओरडतात, ओरडू द्यायचं. पलीकडची सारी माणसं बाजाराले आणली. सारे ओले. मले असा आनंद झाला का विचारू नका! घरी बसून पेन्शन खाण्यात हे नाही.

१९ जुलै

आजही बाजार, आजही वारा. पलीकडची ताराबाई आली. विधवा आहे. वावर एकटी पाहते, भाजी विकाले आणते. बसते नेहमी मांगं, इंजिनाजवळ. बाकीच्या बाया लाट आली का देवाले हाका मारतात. ही नाही. टोपलं घट्ट धरून सरळ समोर पाहते. वा रे बाई! अशी माणसं पलटणीत पाह्यजे होती.

२ ऑगस्ट

बोटीत पाणी भरून राहिलं होतं. कोणी सांगतलं नाही, तरी ताराबाईनं डब्यानं उपसलं. उतरताना म्हणाली, "हवालदार, घरी जाऊन कोरडं घाला. नाहीतर पडाल आजारी."

साधी गोठ. पण माझी रुखमा वारली तेव्हापासून मले कोणी कोरडं घाला म्हटलं नव्हतं.

३ ऑगस्ट

आरशात पाह्यलं. मिशी पिकली. काळी करावी काय? छट्!

९ ऑगस्ट

मिशी काळी केली. लाटेच्या पाण्यानं रंग हनुवटीपर्यंत आला. तेजरामभाऊ हसून हसून साखरेच्या पोत्यावर पडला. ताराबाईनं पदर तोंडाशी नेला. हसली असंल. हसू दे बाप्पा, तेवढ्यासाठी पुन्हा लावीन.

३० ऑगस्ट

आज अक्कल गहाण ठेवली होती मी.

मासे धरणाऱ्या ढिवर लोकांनी तलावात बांबू गाडून शिंगाड्याच्या वेलाची हद्द केली आहे. त्यातून वल्ह्याचा डोंगा जाते, इंजिन नाही. पण वेलात लाट मरते. चहूकडं पाणी उसळते अन् तिथं कसं थंडं! बाजाराहून परतताना बोटीत एकटी ताराबाई, बाकीचे वाऱ्याले भेऊन सिहोऱ्यातच थांबलेले. म्हटलं, हिले आरामात नेऊ. घातली बोट वेलात.

इंजिनाच्या पंख्याले वेल गुंडाळला. इंजिन बंद. वाऱ्यानं बोट मांगं ढकलत खोल पाण्यात नेली, आडवी केली, अन् लाटा आत. मी भेलो. खोटं कायले लिहू?

ताराबाईनं टोपल्यातून बाजारातला नवा विळा काढून दिला. मी इंजिन उचलून बाहेर लोंबकळलो अन् वेल कापत गेलो. तिनं दोन्ही हातांनी माझा फौजी पट्टा मांगून धरला. इंजिन लागलं, बोट सरळ झाली, तरी पट्टा सुटेना. मी म्हटलं, ताराबाई, आता सोडा. तेव्हा सोडला.

ह्या बाईले भेव म्हणून काही माहीतच नाही. अशीले माझ्यासारख्या बुढ्याची काय गरज?

३१ ऑगस्ट

विधवेसंग पाट लावाले आमच्यात कोणाची मनाई नाही. जात एक, ती एकटी, मी एकटा. मनाई माझ्या जिभेचीच! फौजेत अफसराले तोंडावर बोललो. इथं लाकूड होते.

२० सप्टेंबर

पलीकडच्या रस्त्यातल्या नाल्यावर पूल झाला. पलीकडच्या गावाले एस.टी. लागणार. लोक खूश. तेजरामभाऊ म्हणे, सवाऱ्या गेल्या समजा. बोट विकतो.

बोट गेली तर गेली. पण मंग मी पलीकडं कोणत्या तोंडानं जाऊ? ना तिथं वावर, ना सोयरा. ताराबाईही बसनं येईन, बसनं जाईन. विचारायचं राहूनच जाईन.

११ ऑक्टोबर

एस.टी. लागली. पलीकडच्या काठावर चिटपाखरू नव्हतं. होती एकटी ताराबाई, टोपलं घेऊन! परतीचा पाऊस तडतड वाजत होता, लाट काठावर चढत होती. मी म्हटलं, बसनं काहून नाही गेल्या?

"बस लागते मले. मळमळते. पाणीच बरं."

मी खूश झालो. मंग वाईट वाटलं. तिले पाण्याचा शौक आहे. माझा नाही.

१८ ऑक्टोबर

आज बोटीची शेवटची फेरी. उद्या गिऱ्हाईक येऊन नेईन. आम्ही दोघंच. वारा असा का बोलायचं तर ओरडून बोला. अर्धा तलाव हिंमत गोळा केली. मंग ओरडून विचारलं, वांगे कसे गेले?

बैल!

उतरताना ती थांबली थोडी. मंग गेली.

२० ऑक्टोबर

गिऱ्हाईक अजून आलं नाही. तेजरामभाऊच्या दुकानात ताराबाईची जाऊ गिरजाबाई भेटली. मी म्हटलं, तुमची जाऊ मोठी हिंमतवाली, पण बस लागते तिले, वाईट झालं.

ती माझ्या तोंडाकडं पाहतच राहिली.

"कोणाले बस लागते? भंडाऱ्यापर्यंत चणे खात जाते ती. भेव तिले पाण्याचं आहे, हवालदार. लहानपणी बुडता बुडता वाचली. तळ्यावर कपडे धुवालेही येत नाही."

बोट काठाले बांधलेली आहे. इंजिनात तेल आहे. मी बसनं जाऊन राहिलो पलीकडं, विचाराले.