जर्दाळू की डाळिंब

बुर्ज हम्मूद, बैरुत
ईस्टरनंतरचा गुरुवार, १९७१

तीर्थस्वरूप येरानुही मावशीस,

सेत्राकचे तुझ्या दोन्ही हातांना मुके (डाव्याला हळूच, संधिवात लक्षात आहे). मार्सेलची थंडी सरली असेल. गुडघे काय म्हणतात? खालच्या मजल्यावरच्या त्या फ्रेंच बाईशी पुन्हा बोलणं सुरू झालं का? झालं नसेल तर उत्तमच. माणसांशी बोलून काही निष्पन्न होत नाही, या मताला मी गेल्या महिन्यात येऊन पोचलो आहे. इकडे अझनिव आणि मुलं सुखरूप आहेत. मी मात्र सुखरूप नाही, मी संतापलेलो आहे. सकाळी दाढी करताना संतापतो, रात्री कुशीवर वळताना संतापतो, आणि अझनिव म्हणते की झोपेत मी कुणाला तरी ‘बेसूर’ म्हणून शिव्या देतो.

कारण सांगतो. आमच्या शाळेचं वार्षिक संमेलन जूनमध्ये असतं आणि वरच्या वर्गांच्या मुलांचं समूहगान मी बसवतो, हे तुला ठाऊक आहे. त्यासाठी एक गाणं निवडायचं. एक! तुला वाटेल त्यात काय मोठंसं. अगं, मुलगे हिवाळ्याच्या सुट्टीत घरी जातात ते कोकिळेसारखे आणि परततात ते म्हशीसारखे. वरच्या पट्टीत गाणारा उरलाय एकटा ह्राइर, आणि तोही रोज टॉन्सिल दाखवायला तोंड उघडून माझ्यापुढे उभा. तेव्हा गाणं हवं बेताच्या चढउताराचं. त्यात प्रेम नको, नाहीतर आमचे पाद्रीबाबा खोकतात. रडकं नको, नाहीतर आया हुंदके देतात आणि मागच्या रांगेला ताल ऐकू येत नाही. एवढं सगळं सांभाळून मला एक सापडलं होतं. एक मुलगी जर्दाळूच्या झाडाखाली बसून गिरणीवरून परतणाऱ्या भावाची वाट पाहते, बस्स. मुलांना दोन दिवसांत पाठ झालं. शोघिग म्हणून एक मुलगी आहे, खालच्या पट्टीत गाते, ती तर जिना उतरतानाही तेच गुणगुणत होती. मी सुखात होतो, आणि तीच माझी चूक.

कारण इथे शाळा कमिटी आहे, आणि कमिटीत गावं आहेत. तू इथे कधी राहिली नाहीस म्हणून सांगतो. आपल्या लोकांना हुसकावलं तेव्हा मागे सुटलेल्या प्रत्येक गावाची इथे एक आळी आहे, आळीचं एक मंडळ आहे, आणि पोरगी बिनलग्नाची राहिली तरी चालेल पण संमेलनात आपल्या गावाचं गाणं झालं पाहिजे, अशी मंडळाची शपथ आहे. मराशकरांच्या लुसापेरबाई (विधवा, भरतकामाचा वर्ग चालवतात, आवाज तोफेचा) तालीम ऐकून डोळे पुसत उठल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, आमच्या मराशचं गाणं घेतलंत, देव तुमचं भलं करो.” यावर सीसकरांचे मिहरान सोनार, ज्यांना सुरातलं ओ की ठो कळत नाही, ते ताडकन उभे राहिले. “मराशचं? बाई, गाणं सीसचं आहे. आणि झाड डाळिंबाचं आहे. तुम्ही ते पळवलंत आणि त्याला जर्दाळू लावले!”

“डाळिंबाखाली कोण बसतं हो? काटे टोचतात!”

“सीसच्या मुलींना टोचत नसत!”

मावशी, हे मी रचून सांगत नाही. अशी शिकलेली, पोक्त माणसं. दुसऱ्या दिवशी तालमीला अर्धी मुलं जर्दाळू गात होती आणि अर्धी डाळिंब, कारण घरोघरच्या आज्यांनी जेवणाच्या ताटावर दम भरला होता. ह्राइरची आई मराशची आणि बाप सीसचा. तो त्या शब्दापाशी आला की तोंड मिटायचा, आणि वरची पट्टीच नाहीशी व्हायची. शेवटी मी नुसतं ‘झाड’ घातलं. त्यावर दोन्ही पक्ष खांद्याला खांदा लावून माझ्यावर चालून आले. कसलं झाड, निवडुंगाचं का, असं लुसापेरबाईंनी विचारलं आणि मिहरान सोनारांनी त्यांना टाळी दिली. महिन्याभरात त्यांचं एकमत झालं ते तेवढ्यापुरतं.

मुख्याध्यापक गारबिस साहेब शांत माणूस. इतके शांत की त्यांच्यासमोर आग लागली तर ते बादलीवर कमिटी नेमतील. ते म्हणाले, ईस्टरच्या अंड्यांवर ठरवू. दोघांनी एकेक लाल अंडं आणायचं, टक्कर लावायची, ज्याचं फुटेल त्याचं फळ गेलं. मी कपाळावर हात मारला, पण सगळ्यांना ते फार न्यायाचं वाटलं. रविवारी चर्चच्या अंगणात अख्खी आळी जमली. पहिल्या टकरीत काही झालं नाही. दुसऱ्या टकरीतही नाही. तिसऱ्या वेळी असा ठक्क आवाज झाला की पाद्रीबाबा म्हणाले, दार कोण वाजवतंय? सोनारांचं अंडं लाकडाचं निघालं, कांद्याच्या सालीत उकळून रंगवलेलं, वर छान पॉलिश. लुसापेरबाईंनी विजयाची आरोळी ठोकली आणि आनंदात स्वतःचं अंडं पायावर पाडलं. ते संगमरवराचं होतं. सध्या त्या काठी घेऊन चालतात आणि दोष सीसला देतात.

मग मात्र गारबिस साहेबांनी फर्मान काढलं. कमिटीतला कुणीही आपलं म्हणणार नाही असं गाणं महिनाअखेर आणा, नाहीतर समूहगान रद्द. स्टेजवर ग्रामोफोनची तबकडी लावू, तबकडीला गाव नसतं. मी शोधायला बसलो. लोरी दाखवली, ती मराशची निघाली. कापणीचं दाखवलं, ते सीसचं. वैतागून मी माझ्या स्वयंपाकघरात स्वतः रचलेलं एक दाखवलं, तर अदानाकरांचे म्हातारबुवा गहिवरून म्हणाले की हे त्यांची आजी गात असे. माझी तळपायाची आग मस्तकात गेली! आपला तो बाब्या म्हणतात, ते ठीक. इथे दुसऱ्याचा बाब्याही आपलाच!

आणि मुलं? मुलांना कुणी विचारलं? काल शोघिग माझ्याकडे आली. तिचं हे शाळेतलं शेवटचं संमेलन. जुलैपासून तिला बाप शर्टांच्या कारखान्यात बसवणार आहे, तिथल्या यंत्रांच्या खडखडाटात कोण गातो? म्हणाली, “सर, तबकडी लागली तर आम्ही काय करायचं? नुसती तोंडं हलवायची?” फार वाईट वाटलं, मावशी, आणि वाईट वाटलं की मला जास्तच राग येतो. मग तिनेच विचारलं, “सर, तुमचं गाव कुठलं?” मी खेकसलो. म्हटलं, मी नदीकाठच्या पत्र्याच्या खोपटात जन्मलो, मला गाव नाही, नको, गावांच्या नावाने मी आंघोळ केली आहे! ती गेली बिचारी. तुला शपथेवर सांगतो, जी पाहिलीसुद्धा नाहीत त्या गावांसाठी भांडणाऱ्या या लोकांचा मला मनापासून कंटाळा आला आहे.

असो. कागद संपला, राग उरला. अझनिव तुझ्यासाठी गुलाबाचा मुरंबा पाठवते आहे. तब्येतीला जप.

तुझा,
सेत्राक

ता. क. आई कणीक मळताना आपल्या शोरवान गावचं एक गाणं म्हणायची, तुतीखाली चादर धरून फांद्या हलवतात ते. पहिलं कडवं झालं की थांबायची आणि म्हणायची, “पुढचं येरानुहीला येतं.” दर वेळी. मी कधी विचारलं नाही, आणि आता आई नाही. शोरवानची इथे आळी नाही, मंडळ नाही, कमिटीत माणूस नाही. हक्क सांगायला कुणी उरलेलंच नाही, तेव्हा यापेक्षा सोयीचं गाणं मला मिळणार नाही. पुढची कडवी उलट टपाली पाठव. सगळी.

ता. क. दुसरा. चाल कागदावर येणार नाही, म्हणून तुझ्या झावेनच्या टेपरेकॉर्डरमध्ये गाऊन पाठव. आवाज कापला तर कापू दे, मी सांभाळून घेईन. त्यात कुठे जर्दाळू किंवा डाळिंब असेल तर आधी कळव, त्याची तुती करतो. पाकीट शाळेवर नको, घरी पाठव.

ता. क. तिसरा. आणि ते ऐकून लुसापेरबाई म्हणाल्या की हे मराशचं, किंवा सोनार म्हणाला की सीसचं, तर मी काठी हिसकावून घेईन आणि भर कमिटीत सांगेन. ते शोरवानचं आहे. ते आमचं आहे.