तुमच्या नावावर घातलेली चूक

वर्धा,
९ मार्च २०२५

प्रिय छायाताई,

सप्रेम नमस्कार.

कशा आहात? नाचणगावलाही ऊन तापायला लागलं असेलच. इथे तर होळीच्या आधीच लोकांनी कूलर काढलेत. तुमच्या ऋतिकचे बारावीचे पेपर संपत आले असतील ना? सीईटीच्या केमिस्ट्रीत कुठे अडलं तर मला फोन कर म्हणावं. म्हणजे, त्याला करावासा वाटला तर.

आपली लॅब आहे तशीच आहे. मशीनचा पंप महिनाभर रुसला होता, आता चालतोय. मागच्या आठवड्यात कारंज्याकडच्या वस्तीवर गेले होते. ती जिजा आठवते? सिकलसेलवाली, दर दोन महिन्यांनी हातपाय दुखून शाळा बुडवणारी? तिने रक्त काढूच दिलं नाही. मुठी आवळून बसली आणि म्हणाली, "थे गोंडी बोलनारी बाई काऊन नाई आली?" मी म्हटलं, येतील.

आता मुद्द्याचं लिहिते. पहिल्यापासून लिहिते, कारण हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवावं अशी माझी इच्छा आहे. गेल्या वर्षी जानेवारीत आपले बेचाळीस नमुने वाया गेले, ते तुमच्यामुळे नाही. परवाच कळलं मला.

दुखण्याचा झटका येण्याआधी रक्तातल्या लाल पेशींमध्ये कोणती प्रोटीनं वाढतात, ते आपण शोधत होतो. वेळेवर कळलं तर जिजासारख्या पोरांना आधीच औषध देता आलं असतं. आपलं मशीन प्रोटीनचे तुकडे तोलतं आणि त्या वजनांवरून हा तुकडा कशाचा ते ओळखतं. त्या वेळी बेचाळीसही नमुन्यांत केसांतलं प्रोटीन इतकं निघालं की खालचं काही दिसेना. रिपोर्टवर लिहून आलं, मानवी केस. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, नमुने कुणी तयार केले? मी तुमचं नाव सांगितलं. शेवटच्या टप्प्यात त्यातला प्रत्येक नमुना माझ्या हाताखालून गेला होता, ते मात्र सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारी तुम्ही आलात ते वेणी कापून. कमरेखाली येणारी वेणी. "माह्याच हातून झालं असन मॅडम. आता तं केस नाई पडन नं?" मी कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, बरं दिसतंय तुम्हाला. मार्चअखेरीस तुमचा करार संपला. तो पुढे वाढवा, असं सांगायला मी साहेबांकडे गेले नाही.

आता खरं ऐका. आपण मशीनला ताडून बघायला फक्त माणसाच्या प्रोटीनची यादी दिली होती. केसांतलं प्रोटीन माणसाचं काय, जनावराचं काय, बरंचसं सारखंच असतं, त्यामुळे जे सापडलं ते त्याने माणसाच्या नावावर टाकलं. आपली नवी विद्यार्थिनी गुंजन, तिने सराव म्हणून तेच जुने आकडे जनावरांच्या यादीशीही ताडून बघितले. मग हसत माझ्याकडे आली. "मॅडम, आपल्या लॅबमंदी मेंढी कोनं आनली?"

मीही हसले. आणि माझी नजर खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या शालीकडे गेली.

अल्लीपूरला माझा सत्कार झाला होता ना, गावची पोरगी शास्त्रज्ञ झाली म्हणून. शाल-श्रीफळ, फेटा, तासभर भाषणं. कार्यक्रम ठेवणाऱ्या बंडूजींनी मुद्दाम नागपूरहून शाल आणली होती आणि माइकवरून सांगितलं होतं की अस्सल लोकर हाय, शंभर टक्के. मशीनच्या खोलीतल्या एसीत मी रोज तीच पांघरून बसायची. थंडी वाजायची हे खरं. पण ती शाल लोकांना दिसावी असंही वाटायचं, हे त्याहून खरं.

तुम्ही सांगितलं होतंत. "थे शाल बाहीर ठेवा नं मॅडम, लोकर उडून राह्यली." मी काय म्हणाले होते, तुम्हाला आठवतं का, ठाऊक नाही. मला आठवतं. "छायाताई, आता नियम तुम्ही शिकवणार का मला?"

वर मी 'परवाच कळलं' असं लिहिलंय. ते खोटं आहे. खोडणार नाही, तसंच राहू दे. गुंजनने मला ते आकडे दाखवले पोळ्याच्या आदल्या आठवड्यात. सहा महिने झाले. तिला म्हटलं, जुनं आहे, सोडून दे. त्याच महिन्यात माझ्या बढतीची फाइल वर गेली होती. आधी ती होऊ दे, मग सांगू, असं ठरवलं. दिवाळीत बढती झाली. मग म्हटलं, आता उगाच कशाला. चोर तो चोर, वर शिरजोर, अशी माझी गत.

एवढ्यावरही थांबले असते तर कमी लाज वाटली असती. गेल्या सोमवारी पुलगावच्या एका लॅबमधून फोन आला. तुम्ही तिथे अर्ज केला होता. तिथल्या बाईंनी विचारलं, छाया कुमरेंचं काम कसं आहे? मी म्हटलं, "स्वभावाने चांगल्या आहेत." त्यांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला. काय समजायचं ते समजल्या.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. शुक्रवारी मीच त्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. लोकर, शाल, पोळा, बढती, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मॅडम, जागा तं बुधवारी भरली. तुमी सोमवारीच हे बोलल्या असत्या, तं आमाले छायाताईच पाहिजे होत्या."

हे तुम्हाला सांगू नये असं वाटत होतं. म्हणूनच सांगतेय.

काल साहेबांना लेखी दिलंय. मंगळवारच्या मीटिंगमध्ये ते मी स्वतः वाचून दाखवणार आहे, ज्या टेबलाशी बसून तुमचं नाव घेतलं त्याच टेबलाशी. पुढे माझं काय करायचं ते ते ठरवतील. तुम्ही या असं म्हणत नाही. तुम्हाला पुन्हा घ्या असं मी लिहिलंय, पण यावंसं वाटेल असं मी काही ठेवलेलं नाही.

माफी मागत नाही, ताई. मागितली तर तुम्ही लगेच द्याल, तुमचा स्वभावच तसा. आणि मग मी सुटेन.

मशीन चुकलं नाही, तुमचे हात चुकले नाहीत. चुकलेली, आणि ते कळूनही सहा महिने गप्प राहिलेली,

रूपाली नानाजी उगेमुगे
वरिष्ठ शास्त्रज्ञ, बढती दिवाळी २०२४