नव्वद दिवसांत न हललेला माल

गुरुवार, २० मार्च. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. सत्तावीस वर्षं कंपनीत शिफ्टचं लॉगबुक लिहिलंय, तेव्हा हात बसलेला आहे. चाकणला स्टोअर्स मॅनेजर होतो. बावीस हजार सुटे भाग, प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला जागा. डिसेंबरात व्हीआरएस घेतली. ‘घेतली’ असंच सगळ्यांना सांगतो.

सुमेधा आज नाशिकला गेली, आमच्या लेकीच्या, अनुयाच्या बाळंतपणाला. महिनाभर पुनावळ्यातलं ‘सुमेधा किराणा’ माझ्या ताब्यात! एकोणीस वर्षं बायकोनं हे दुकान नुसतं डोक्यात चालवलं. काय संपलं, कोणाला काय लागतं, कुठली बरणी कुठे, सगळं डोक्यात. बॅकअप नाही. उद्या तिला साधी सर्दी झाली तर सर्व्हर डाऊन.

जाताना म्हणाली, अहो, समोर पाडव्याला मार्ट उघडतंय. महिनाभर आपली गिऱ्हाइकं सांभाळून दाखवा, मग गल्ल्यावर तुम्हीच बसा. नाहीतर आम्ही आहोतच. आम्ही म्हणजे ती आणि दुकानातली भाग्यश्री. आणि मी? हे विचारायचं राहिलं, रिक्षा सुटली.

तीन महिने घरात बसून आहे. घरात माझा रॅक नंबर कोणता, ते अजून कळलेलं नाही. तेव्हा हे जमलंच पाहिजे.

शनिवार, २२ मार्च.
सॉफ्टवेअर बसलं. बिलिंग, बारकोड, स्टॉक, फोरकास्ट, सगळं. कंपनीतल्या ईआरपीपुढे हे म्हणजे भातुकली, पण भातुकलीही शिस्तीत खेळता येते.

जीएसटी सुमेधाच्या नावावर, म्हणून रजिस्ट्रेशनही तिच्याच मोबाइल नंबरवर करावं लागलं. मोठा बदल करायचा झाला की ओटीपी तिला जाणार आणि मी फोन करून विचारणार. किरकोळ बाब. बसवणाऱ्यानं विचारलं, ओनर मॅडम आहेत का? म्हटलं, कागदोपत्री.

भाग्यश्री आठ वर्षं दुकानात आहे, विहाराच्या मागच्या गल्लीत राहते. मेहनती आहे, पण सिस्टीमचं शिक्षण नाही. तिनं विचारलं, साहेब, सुट्ट्या तूरडाळीला त्या काळ्या रेघा कुठं चिकटवू? प्रश्न चांगला आहे. उत्तर उद्या.

मंगळवार, २५ मार्च.
डिसेंबरअखेरपासूनची बिलं आणि वह्या फीड केल्या. मान आखडली. आता खरं काम. कंपनीचा नियम होता: जो माल नव्वद दिवसांत हलला नाही, त्याला लाल टॅग, आणि लाल टॅगवाला माल गेटबाहेर. सिस्टीमनं यादी काढली. एकेचाळीस आयटम! एवढा मेलेला माल उरावर घेऊन ही बाई एकोणीस वर्षं धंदा करत होती.

सर्वांत वाईट नमुना: पांढऱ्या मेणबत्त्या, चाळीस खोके. नव्वद दिवसांत विक्री शून्य. प्रत्येक खोक्यावर स्वहस्ते टॅग लावून खाली सही केली. भाग्यश्री म्हणाली, साहेब, एप्रिल येतोय. म्हटलं, मार्चनंतर एप्रिल येतोच, त्यात नवीन काय? तिनं पुढचा खोका सरकवला. पटलं असावं.

शुक्रवार, २८ मार्च.
होलसेलरचा माणूस रणजीत येऊन मेणबत्त्यांचे चाळीसही खोके घेऊन गेला. बदल्यात बारा किलो क्विनोआ घेतला. समोरच्या टॉवरमधली आयटीवाली मंडळी हेच खातात, असा ट्रेंड आहे. क्विनोआ म्हणजे नेमकं काय, ते रणजीतला विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं. राजगिऱ्याचा लांबचा भाऊ असावा.

मेणबत्ती सिस्टीममधून कायमची काढायला ओटीपी लागला. सुमेधाला फोन केला. तिनं फक्त विचारलं, नक्की ना? म्हटलं, डेटा बोलतोय. बरं म्हणाली आणि सहाही आकडे सांगून टाकले. पुढे एक प्रश्न नाही. नवऱ्यावर असा विश्वास हवा.

रविवार, ३० मार्च. पाडवा.
मार्ट उघडलं. फुगे, ढोल, आणि आत एसी. आपल्याकडे पंखा आहे, पण सिस्टीमही आहे.

सकाळी सातपासून गिऱ्हाइकं साखरेच्या गाठी मागायला लागली. सिस्टीमनं गाठी सुचवल्याच नव्हत्या, कारण जानेवारी ते मार्च एकही विकली गेली नाही. भाग्यश्रीनं मला न विचारता दोन खोके मागवून ठेवले होते. बेशिस्त! पण आता गाठीला कोड नाही, तर बिल कसं करणार? मी तोडगा काढला: गाठी ‘साखर’ म्हणून बिलात घातल्या.

दुपारी सिस्टीमला वाटलं, साखरेला भयंकर मागणी आहे. तिनं आपणहून सहा पोती साखर मागवली. ऑटोमेशन हे असं असतं.

गुरुवार, ३ एप्रिल.
फोरकास्ट म्हणतो, गर्दी रविवारी. म्हणून स्टॉक मोजणीसाठी आज दुकान दुपारी तीनपर्यंत बंद ठेवलं. आत मी मोजतोय आणि बाहेर शटर वाजतंय. वीसेक जण तरी आले असतील. महिन्याचा पहिला आठवडा, अख्ख्या औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी आणि हातात किराण्याच्या याद्या. शटरच्या फटीतून एकेकाला मार्टकडे जाताना पाहिलं.

सत्तावीस वर्षं माझीही सुट्टी गुरुवारचीच होती. महिन्याचा किराणा मीही गुरुवारीच भरायचो. कुठून? सुमेधाकडून. हे मोजणी संपल्यावर आठवलं.

सॉफ्टवेअर बाहेरच्या राज्यात बनवलेलं आहे. त्याला आपला गुरुवार कसा माहीत असणार? दोष माझा नाही.

शनिवार, ५ एप्रिल.
ज्ञानदेव आबा तंबाखू मागायला आले. मूळ गावातले, दुकान उघडल्यापासूनचे गिऱ्हाईक. सिस्टीम म्हणाली, स्टॉक शून्य. मी तसं नम्रपणे सांगितलं. आबा म्हणाले, आरं, मशीनला दिसत न्हाई, पर मला दिसती की. ती बघ बरणी, तुज्या डोक्यामागं हाय.

बरणी होती. भरलेली होती. पण जो माल सिस्टीममध्ये नाही तो विकता येत नाही, हे तत्त्व आहे. आबांना समजावत असताना भाग्यश्रीनं हात घालून पुडी बांधून दिली.

बुधवार, ९ एप्रिल. दुपारी १.
अनुयाला मुलगी झाली. दोन किलो नऊशे ग्रॅम. दोघी सुखरूप. दुकानातच रडलो थोडा. भाग्यश्रीनं शेजाऱ्यांना पेढे वाटले, सहा पोत्यांवर बसवून मला पाणी दिलं. आजच्या दिवशी सिस्टीमबद्दल काही लिहीत नाही.

रविवार, १३ एप्रिल. संध्याकाळ.
भाग्यश्री दोन दिवस सुट्टीवर. पाचच्या सुमारास गिरजाबाई आल्या, बरोबर चार बायका. गिरजाबाई म्हणजे विहाराच्या महिला मंडळाच्या मोठ्या, सत्तरीच्या. म्हणाल्या, दादा, आमच्या मेणबत्त्या काढा, उद्या जयंती हाय. बाई दरवर्षी बाजूला ठेवत्यात.

मी टाइप केलं. ‘आयटम अस्तित्वात नाही.’

एप्रिल येतोय म्हणजे काय, ते आत्ता कळलं. गेल्या महिन्याची भाग्यश्री डोळ्यांसमोर आली.

काहीतरी करायला हवं म्हणून वाढदिवसाच्या मेणबत्त्या दाखवल्या. रंगीत, पेटवल्यावर गाणं वाजवणाऱ्या. गिरजाबाईंनी डबी हातात घेतली, नीट पाहिली, परत ठेवली. म्हणाल्या, विहारात वंदना आमी म्हणतो दादा, मेणबत्तीनं नाही म्हणायची. मग हळूच म्हणाल्या, एकोणीस वर्षांत बाईंनी मागायची पाळी आणली नव्हती.

पाचही जणी रस्ता ओलांडून मार्टमध्ये गेल्या. मी गल्ल्यावरून बघत राहिलो. लाज वाटली. स्टॉक चुकला म्हणून नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुकान बंद करून स्कूटर काढली. ताथवडे, डांगे चौक, काळेवाडी. सगळीकडे संपलेल्या. चिंचवड स्टेशनजवळ नऊ पाकिटं मिळाली.

सोमवार, १४ एप्रिल. सकाळ.
आठ वाजता नऊ पाकिटं घेऊन विहारात गेलो. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, आणि मेणबत्त्याच मेणबत्त्या. रांगाच्या रांगा. मला कळेना, अख्ख्या शहरात संपलेल्या इथे कुठून आल्या? मग भिंतीशी रचलेले खोके दिसले. प्रत्येकावर लाल टॅग. ‘न हललेला माल. नव्वद दिवस.’ खाली माझी सही. चाळीस वेळा.

लोक ये-जा करताना वाचत होते. अक्षर माझं सुवाच्य आहे.

भाग्यश्रीनं बाजूला घेऊन सांगितलं. मी ओटीपी मागितला त्याच दुपारी सुमेधानं रणजीतला फोन करून खोके भाग्यश्रीच्याच घरी उतरवायला लावले होते. काल गिरजाबाई मार्टमधूनही रिकाम्या हातानं आल्या, तेव्हा हिनं ते विहारात आणले. मला का नाही सांगितलं? तर म्हणे, बाई बोलल्या, साहेबांना आपणहून आठवतं का ते बघू.

नाही आठवलं.

गिरजाबाईंनी माझी नऊ पाकिटं घेतली. त्यातली एक मेणबत्ती माझ्याच हातात दिली. म्हणाल्या, लावा दादा, बाकीच्या संध्याकाळला होतील. लावली. नंतर खीर दिली, बसूनच खा म्हणाल्या.

बुधवार, १६ एप्रिल.
शांतपणे विचार केला. मेणबत्त्या हलतात डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये. मधले नव्वद दिवस नेमके मी बघितले. म्हणजे दोष माझाही नाही, सिस्टीमचाही नाही, नव्वद या आकड्याचा आहे. एकशेवीस हवे होते. सुमेधापुढे हे मांडायला चोवीस स्लाइडचं प्रेझेंटेशन करतोय. मेणबत्ती सतराव्या स्लाइडवर, लहान अक्षरात.

शनिवार, १९ एप्रिल.
सुमेधा आली. चहा झाल्यावर प्रेझेंटेशन सुरू केलं. तिसऱ्या स्लाइडला म्हणाली, अहो, तो आकडा चुकलाय. आणि मोबाइल दाखवला.

ओनरला वेगळं ॲप असतं. ते पहिल्या दिवसापासून तिच्याकडे होतं. मी केलेलं प्रत्येक बिल, काढलेला प्रत्येक आयटम, साखरेची सहा पोती, सगळं नाशिकला नातीला मांडीवर घेऊन ती बघत होती. गेल्या चार दिवसांत तिनं एकोणीस वर्षं त्यात भरली आहेत. जयंती, पौर्णिमा, पाडवा, गाठी, गुरुवार. ज्ञानदेव आबांची तंबाखू. कोणासाठी काय बाजूला ठेवायचं, तेसुद्धा. बॅकअपसकट.

म्हणाली, मशीन मात्र छान आणलंत हो. हे राहू दे. मी म्हटलं, बघ, मी सांगत नव्हतो! म्हणाली, गल्ल्यावर मी आणि भाग्यश्री बसू.

या वेळी विचारलं. आणि मी?

म्हणाली, तुम्हाला लॉगिन दिलंय की.

सोमवार, २१ एप्रिल. सकाळी ६.४०.
लॉगिन केलं. युजर: सदाशिव. विभाग: घरपोच. पहिलं काम आलेलं आहे: बी विंग, नववा मजला, क्विनोआ एक किलो. पोचवायचा नाही, परत आणायचा. विकला गेलेला तेवढाच एक होता.

स्क्रीनवर बटण एकच: ‘स्वीकारा’. दाबलं.

ओटीपी सुमेधाला गेला. ती आंघोळीला गेली आहे. दाराशी थांबलो आहे.