कुलूप तेवढे ओमेश्वरला

मी, राजकुमारी हुकुमचंद बिसेन, वय अडुसष्ट, धंदा ढाबा, राहणार कोहमारा फाटा, तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया, आपल्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्यांनी करायची नसते. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणणारे फार झाले म्हणूनच लिहावे लागत आहे. मजकूर माझा, कायद्याचे शब्द गोंदियाचे वकील दुलीचंदजी यांचे. मधली वाक्ये गाळा असे ते म्हणाले होते. मी गाळलेली नाहीत.

कलम १. चोरखमाऱ्याच्या तलावाखालची धानाची जमीन माझ्या नवऱ्याची. ते १९९९ साली वारले, आम्हाला मूलबाळ नाही. ती जमीन धाकट्या दिराचा मुलगा ओमेश्वर कसतो. तिच्यातला माझा हिस्साही त्यालाच द्यावा. सासर सोडताना मी माझी पेटी आणि सासूचा पितळी लोटा एवढेच घेऊन निघाले. पोवार जातीच्या घरची बाई ढाबा चालवते म्हणून तेव्हा सगळ्यांची नाके कापली गेली होती. पुढे तीच नाके फुकट जेवायला ढाब्यावर येत राहिली, हेही नमूद असावे.

कलम २. कोहमारा फाट्यावरील ढाबा व मागच्या दोन खोल्या ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. उत्तरेस महामार्ग, दक्षिणेस धानाची बांधी, पूर्वेस पंक्चरचे दुकान, पश्चिमेस सरकारी नाली, जी कधीच साफ होत नाही. या खोल्यांसाठीच हा सगळा खटाटोप.

या खोल्यांत घर नसलेली पोरे-पोरी राहतात. सोळा, सतरा, वीस वर्षांची. कोणाला बापाने हाकललेले, कोणाची आश्रमशाळा संपली तेव्हा घरी भावाचा संसार थाटलेला. लहान असते तर लोकांना दया आली असती. मिसरूड फुटलेल्या पोराची कोणाला दया येत नाही, त्याची भीती वाटते. देवरीकडच्या बसमध्ये बसतात आणि तिकीट संपते तिथे उतरतात. तेव्हा एसटीत कंडक्टर असलेले केशोराव टेंभरे त्यांना सांगत, "इथंच उतर. त्या बाईच्या ढाब्यावर जा. ते काही पुसत नाही."

न पुसणे ही माझी युक्ती नाही. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाण्याचा लोटा देतात. त्याने पाय धुवावेत, जेवावे, मग गाव विचारावे. सासूने शिकवलेली ही रीत. सासू गेल्यावर त्या घरात ती कोणी पाळली नाही, म्हणून मी इथे पाळली.

कलम ३. ढाबा, दोन्ही खोल्या, भांडीकुंडी आणि तो लोटा मी धनवंता इतवारी उईके हिला देते. ती माझी मुलगी नाही, नातेवाईक नाही, जातीची नाही. हे तीन शेरे मला रोज ऐकवले गेले आहेत, म्हणून आधीच लिहून टाकते. २००३ साली ती बसमधून उतरली तेव्हा मी तिच्या हाती लोटा दिला. तिने तो मागे नेऊन राखेने लखलखीत घासला आणि रिकामा परत आणून दिला. पाहुणी म्हणून तिला तोवर कोणी पाणीच दिले नव्हते. तिला वाटले काम सांगितले. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून गेलेला नाही. आज ढाबा तीच चालवते आणि दारातला लोटाही तीच भरते.

कलम ४. गोंदियाच्या एका संस्थेचे सचिव हिरालालजी यांना त्यांचा लोखंडी फलक परत द्यावा. संस्थेचे नाव लिहीत नाही, त्यांना नावाची फार हौस आहे. एका सकाळी त्यांनी मला न विचारता 'बेघर युवा निवारा' असा हातभर अक्षरांचा फलक महामार्गाकडे तोंड करून ठोकला, सोबत हार, फोटो, भाषण. संस्थेच्या एका बाईंनी जेवणाऱ्या पोरीचा घास तोंडात असतानाच घर सोडण्याचे कारण विचारले. दुसऱ्या दिवशी खोल्या रिकाम्या. पिंटू नावाचा पोरगा तेवढा मागच्या बांधीत बसला होता. म्हणाला, "बाई, बसमधले लोक तो बोर्ड वाचतेत अन् मंग मले पाहून राहतेत. मी कायले येऊ अंदर?" फलक मी उतरवला. तेव्हापासून तो सरपणाच्या लाकडांवर झाकण म्हणून आहे. पावसात बरा टिकला.

कलम ५. ओमेश्वरला जमिनीखेरीज एक कुलूप, किल्लीसह, द्यावे. ते माझ्या पेटीत आहे. २०११ साली मांडीचे हाड मोडून मी गोंदियाला दवाखान्यात पडले आणि धनवंता माझ्याजवळ होती. तेव्हा हा काळजीवाहू पुतण्या आला, पोरांना बाहेर काढले आणि दोन्ही खोल्यांना कुलूप घालून गेला. त्याला तिथे खताचे गोदाम करायचे होते. भाग्यश्री नावाची सतरा वर्षांची पोर त्या दिवशी जातीच्या दाखल्यासाठी देवरीला गेली होती. दुपारी परतली, कुलूप पाहिले, ओट्यावर थोडी बसली आणि उभ्या असलेल्या ट्रकमध्ये चढली. पंक्चरवाल्याने पाहिले. ट्रक कोणता, कुठला, कोणाला माहीत नाही. पोलिसांत गेले तर विचारले, तुम्ही तिच्या कोण? ओमेश्वरला विचारले तर म्हणाला, "काकी, आता मले काऊन बोलून राहिली? ते का आपल्या घरची होती?"

हो रे बाबा, होती. कुलूप घे आणि रोज बघ.

कलम ६. धनवंताने पाळायच्या अटी. खोल्यांचे बाहेरचे कडीकोयंडे मी उपटून टाकले आहेत, ते पुन्हा बसवू नयेत. मुलींच्या खोलीला आतून कडी असावी. फलक लावू नये. भाग्यश्रीचा निळा स्वेटर खुंटीवर आहे, तो कोणाला देऊ नये. ती आली तर आधी लोटा द्यावा. कुठे होती हे तिने सांगेपर्यंत विचारू नये.

कलम ७. व्यवस्था पाहण्यासाठी केशोराव टेंभरे यांना नेमते. पहिले साक्षीदारही तेच, दुसरा साक्षीदार पिंटू. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नका, पुढे भांडणे होतात. बरे, दिले नाही. मग साक्षीदाराचा पत्ता विचारला आणि पिंटू खाली बघू लागला. पोरगा ट्रक उत्तम चालवतो, पण पत्त्याचा पुरावा नाही म्हणून लायसन नाही. पंचायत म्हणते ढाबा हा पत्ता होत नाही. वकिलांनी तिथे आडवी रेघ मारली. मी म्हटले, रेघ खोडा, पत्ता मी देते. ते हसले, "माताजी, पता कोई देने की चीज़ थोड़े ही है। वो प्रॉपर्टी में नहीं आता।"

प्रॉपर्टीत येत नसेल तर देण्याला अडचण कोणती? लिहा म्हटले. त्यांनी पेन पिंटूकडे सरकवले. पोराने पुष्कळ वेळ घेतला.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, त्यावर दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर.

ठिकाण : कोहमारा
दिनांक : ९ डिसेंबर २०१४

सही : राजकुमारी हुकुमचंद बिसेन

साक्षीदार :

१. केशोराव टेंभरे, निवृत्त एसटी कंडक्टर, राहणार सडक अर्जुनी.

२. पिंटू मडावी, वय बावीस, राहणार कोहमारा, राजकुमारीबाईचे घर, मागची खोली, खिडकीजवळची खाट.